घोडेस्वारी शिकताय? आधी मांड पक्की करा, घोडा नंतर घ्या

घोडा कुठला घेऊ, मारवाडी की काठियावाडी, का शिंगरूच आणून घरी तयार करू, असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, लगाम न धरता दुडक्या चालीत पाच मिनिटं बसता येतं का? येत नसेल तर पैसे बँकेत राहू द्या आणि आधी सहा-आठ महिने एखाद्या चांगल्या रायडिंग स्कूलला जा. घाबरवायला सांगत नाहीये, यामागे कारण आहे आणि ते एकदा कळलं की पुढचं बरंच सोपं जातं.

घोडा दाब सुटला की शिकतो. पायाने पोटाला हलकं दाबलं, तो पुढे चालला, त्याच क्षणी पाय सैल सोडला तर त्याच्या डोक्यात बसतं की चाललो की त्रास संपतो. लगाम धरला, तो थांबला, लगेच बोटं सैल केली, झाला थांबायचा धडा. आता ज्याचा तोल अजून बसलेला नाही तो काय करतो, पडू नये म्हणून लगामाला लोंबकळतो आणि पायांनी पोट आवळून धरतो, म्हणजे घोड्याला एकाच वेळी चल पण सांगतोय आणि थांब पण, आणि दाब काही सुटतच नाही. बिट, म्हणजे लगामाला जोडलेली तोंडातली दांडी, जिथे टेकतं तिथे खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामधे मोकळी जागा असते, हाडावर नुसती पातळ कातडी. तिथे रोज ओढाताण झाली की घोडा एकतर मान वर करून पळायला शिकतो नाहीतर दुर्लक्ष करायला शिकतो, मग लोक म्हणतात तोंडाचा कडक झालाय आणि अजून जहाल बिट आणतात. काटेरी बिट वापरायला आपल्याकडे १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, कुणी कितीही सांगितलं तरी ते विकत घेऊ नका.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी जमिनीवरची कामं, मग मांड, म्हणजे घोड्यावरची तोल सांभाळून बैठक, मग इशारे, आणि कोवळा घोडा शिकवणं सगळ्यात शेवटी.

शिकायचं कुठे

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, पुण्यातही चांगल्या जागा आहेत आणि आता इतर शहरांतही रायडिंग स्कूल निघालेत. फी विचारायच्या आधी तबेल्यात चक्कर मारा. घोड्यांच्या पाठीवर, तंगाच्या (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) जागी, तोंडाच्या कडेला जखमा आहेत का? बरगड्या दिसतायत का? प्यायचं पाणी समोर आहे का? खूर वेळेवर कापलेत का? मग शिकवणं बघा. नवीन माणसाला आधी लंजवर, म्हणजे लांब दोरी शिक्षकाच्या हातात आणि घोडा गोलात, असं शिकवतायत का ते बघा. पहिल्याच दिवशी व्हिडिओसाठी घोडा पळवून देणारी जागा असेल तर तिथून परत या.

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीचे घोडे वेगळे. माथेरानला तर पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी असल्याने बरीच माणसं आणि सामान घोड्यावर चालतं, आणि तिथल्या घोडेवाल्यांना घोड्याची जी जाण असते ती पुस्तकात मिळत नाही, त्यांच्याशी आवर्जून गप्पा मारा. पण लगाम दुसऱ्याच्या हातात असताना आपण फक्त बसलेले असतो, ती रपेट झाली, शिकणं नव्हे.

वयाचं टेन्शन नको, चाळिशीत सुरू करून उत्तम बसणारे लोक मी बघितलेत. वजनाचं मात्र बघायचं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावं, म्हणजे ३५० किलोच्या घोड्यावर सगळं धरून ७० किलो. त्यापेक्षा जास्त असाल तर मोठ्या अंगाचा घोडा मागून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

अंगावर काय हवं

रायडिंगचं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा घट्ट. बाईकचं चालत नाही, ते जड असतं आणि मान अडकते. बुटाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची टाच हवी आणि तळ गुळगुळीत, कारण स्पोर्ट्स शूज रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) घसरून आरपार जातात, आणि पडताना पाय अडकला तर माणूस फरफटत जातो. पँट जाड शिवणीची नको, ओढणी-स्कार्फ नको, अंगठ्या काढून ठेवा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या, तबेल्याच्या मातीत खरचटलं तर त्याचा धोका खरा असतो.

जमिनीवरची कामं, ही टाळू नका

बरेच जण मोतद्दाराने (घोड्याची देखभाल करणाऱ्याने) तयार करून दिलेल्या घोड्यावर थेट चढतात आणि तास संपला की उतरून निघून जातात. असं करू नका. वीस मिनिटं आधी या, घोडा स्वतः बाहेर काढा, खरारा करा म्हणजे ब्रशने अंग घासा, खूर साफ करा, खोगीर घाला. खाली उभं राहून जो घोडा तुमचं ऐकत नाही तो वर बसल्यावर पण ऐकणार नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून समोरून किंवा मागून अचानक जायचं नाही, डाव्या खांद्याच्या दिशेने, हळू आवाजात बोलत जायचं, आणि पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवायचा, नाकाकडे नाही. कान बघायची सवय लावा. पुढे म्हणजे लक्ष आहे, बाजूला सैल म्हणजे निवांत, मागे दाबून चिकटवले म्हणजे चिडलाय, तेव्हा सरका. मागून जायचंच असेल तर एकतर अगदी चिकटून, ढुंगणावर हात ठेवून जा नाहीतर चांगलं तीन मीटर लांबून, मधलं अंतर लाथेचं असतं.

चालवताना घोड्याच्या खांद्याजवळ चाला, पुढे राहून ओढू नका. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही, घोडा दचकून पळाला तर बोटं जातात. बांधायचा तो ओढताच सुटणाऱ्या गाठीने, त्याच्या खांद्याच्या उंचीला, न हलणाऱ्या खांबाला.

खरारा करताना हात फिरवून पण बघा, कुठे गरम लागतंय, कुठे कातडी थरथरतेय, कुठे सूज आहे. मी तर म्हणेन रोजची अर्धी डॉक्टरकी तिथेच होते. खूर साफ करताना टाचेकडून पुढे खरवडायचं, मधल्या मऊ त्रिकोणाला खरवडणीची धार लागू द्यायची नाही. पावसाळ्यात त्याच्या कडेला काळं, घाण वास येणारं दिसलं तर समजा खूर सडायला लागलाय, तबेल्याची जमीन कोरडी करा आणि नालबंदाला दाखवा. एरवी पण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा.

खोगीर घालताना खालचं नमदं, म्हणजे जाड गादी, थोडं पुढे ठेवून मागे सरकवा म्हणजे केस उलटे होत नाहीत, आणि खोगिराच्या मधल्या पोकळीत वर ओढून घ्या म्हणजे कण्यावर ताण येत नाही. तंग एकदम करकचून आवळू नका. आधी सैल, घोडा चार पावलं चालवा, मग अजून एक-दोन भोकं, आणि चढायच्या आधी परत एकदा. घोडे पोट फुगवतात हे खरंय, पण बहुतेक वेळा कारण हेच असतं की कुणीतरी रोज झटक्याने तंग आवळतं.

मांड

आता मुख्य विषय. चढताना शक्यतो ओट्यावरून किंवा स्टुलावरून चढा, जमिनीवरून रोज रिकिबीला लटकून चढलं की खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याची पाठ दुखते. डावीकडून चढायचं, लगाम डाव्या हातात, उजवा पाय ढुंगणाला न लागता वरून न्यायचा आणि धप्पकन न बसता हळूच टेकायचं. रिकिबीची लांबी ढोबळ मोजायची तर खाली उभं राहून बोटांची टोकं वरच्या बकलला लावा, रिकीब काखेपर्यंत आली पाहिजे.

बसल्यावर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत. नजर पुढे, कारण खाली बघितलं की डोकं खाली जातं, खांदे पुढे येतात आणि तोल गेलाच. टाच खाली ठेवा म्हणतात, पण ती जोर लावून दाबू नका, गुडघा आणि घोटा सैल सोडले की वजनाने आपोआप खाली जाते. गुडघ्यांनी आवळलं की तुम्ही वर ढकलले जाता, नवीन माणसं उडतात ती बहुतेक यामुळेच. आणि श्वास घ्या. ऐकायला साधं वाटतं पण पहिल्या महिन्यात निम्मे लोक श्वास धरून बसलेले असतात, घोड्याला ते अंगातून कळतं आणि तो पण ताठ होतो.

वॉक ही चार ठेक्यांची चाल, त्यात तुमची कंबर घोड्याबरोबर पुढेमागे हलते, ती हलू द्या. ट्रॉट म्हणजे दुडकी, दोन ठेक्यांची, तिरके पाय जोडीने पडतात, म्हणून गचके बसतात. इथे रायझिंग शिकायचं, एका ठेक्याला उठायचं दुसऱ्याला बसायचं. रिंगणात असताना बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठायचं, म्हणजे डावीकडे वळत गोलात फिरताय तर उजवा खांदा बघा. सुरुवातीला खांद्याकडे बघून करा, नंतर बघायची गरज पडत नाही. कॅंटर ही त्यापुढची वेगाची चाल, तीन ठेक्यांची, ती बसायला ट्रॉटपेक्षा आरामाची असते खरंतर, पण घाई करू नका, ट्रॉटमधे हात स्थिर झाले की मगच.

मांड पक्की होते ती लंजवर, रिकिबीशिवाय. शिक्षक दोरी धरतो, लगामाला गाठ मारून मानेवर टाकायचा, आणि तुम्ही आधी खोगिराची पुढची कड धरून, मग एक हात सोडून, मग दोन्ही हात आडवे पसरून, मग कंबरेतून डावीउजवीकडे वळून, असं करत जायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरे, मांड्या दुखतात आणि दुखल्या की माणूस आवळायला लागतो. कंटाळवाणं आहे, मान्य, पण हे केलेला आणि न केलेला स्वार लांबून बघितला तरी ओळखू येतो. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमधे ड्रेसाजच्या (स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवायच्या प्रकारातल्या) टीमने भारताला ४१ वर्षांनी घोडेस्वारीतलं सुवर्ण मिळवून दिलं, त्यात आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. त्या फेऱ्यांचे व्हिडिओ मिळाले तर घोडा बघू नका, स्वारांचे हात बघा, घोडा एवढं काम करतोय आणि हात जागच्या जागी.

इशारे

इशाऱ्यांचा क्रम कायम एकच. आधी विचार आणि कंबर, मग पायाचा हलका दाब, मग जरा जास्त, मग चाबकाचा नुसता स्पर्श पायामागे, आणि घोड्याने उत्तर द्यायला सुरुवात केली की लगेच सगळं बंद. पूर्ण उत्तराची वाट बघू नका, सुरुवातीलाच सोडा. दर पावलाला टाच मारत राहणारा स्वार घोड्याला टाचेकडे दुर्लक्ष करायला शिकवतो.

थांबवताना आधी पाठ सरळ करून कंबर हलवणं बंद करा, मग बोटं मिटा. वळताना नजर आधी वळवा, आतला लगाम मानेपासून थोडा बाजूला न्या, बाहेरचा पाय तंगाच्या जरा मागे. लगाम उलट्या बाजूला मानेवरून ओढायचा नाही.

घोडा दचकला तर मारू नका. त्याला आधी भीती वाटली, वरून मार बसला, म्हणजे पुढच्या वेळी त्या जागेची भीती दुप्पट. लांबून बघू द्या, थांबा, त्याने मान खाली घेतली किंवा फुरफुर केलं की पुढे चला. उधळला तर दोन्ही लगाम सतत ओढत बसू नका, तो त्यालाच रेलून अजून पळतो. ओढा-सोडा करा आणि जागा असेल तर एका लगामाने मोठ्या गोलात घ्या, गोल हळूहळू लहान करत. भरधाव असताना झटक्यात मान वळवली तर घोडा पाय अडकून पडतो, तुमच्यासकट. हे गोलात घेणं मोकळ्या मैदानात नेमकं करता यावं म्हणून वॉकमधे आधी शंभर वेळा करून ठेवा.

कोवळा घोडा शिकवायचा तर

इथपर्यंत सगळं जमतंय, वेगवेगळ्या घोड्यांवर बसून झालंय, मगच इकडे या, आणि तरी पहिला घोडा कुणातरी जाणत्या माणसाला बरोबर घेऊन शिकवा. अडाणी स्वार आणि अडाणी घोडा ही जोडी दवाखान्यात जाते.

वय सगळ्यात महत्त्वाचं. घोड्याच्या पायांची हाडं आधी पक्की होतात आणि पाठीचा कणा सगळ्यात शेवटी, पाच-साडेपाच वर्षांच्या आसपास. जत्रेत दोन वर्षांच्या शिंगरावर माणूस बसवलेला दिसतो, शर्यतीचे घोडे पण दोन वर्षांचे पळतात, पण तुम्हाला घोडा वीस वर्षं हवा असेल तर तीन वर्षांपर्यंत फक्त जमिनीवरचं शिक्षण, मग थोडं हलकं काम, आणि चौथ्या वर्षानंतर नियमित स्वारी.

पहिले काही महिने हाल्टर (बिट नसलेला तोंडावरचा पट्टा) घालणं, चालणं, थांबणं, मागे सरकणं, चारी पाय उचलून देणं, एवढंच. मागे सरकवताना छातीवर दोन बोटं टेका, एक पाऊल मागे गेला की बोटं काढा. मग गोणपाट, छत्री, प्लास्टिकची पिशवी, ट्रॅक्टरचा आवाज, जे जे आयुष्यात समोर येणार ते लांबून दाखवायचं, तो शांत झाला की ती वस्तू दूर न्यायची. तो अजून घाबरलेला असतानाच वस्तू दूर नेली तर घाबरण्याचा धडा पक्का होतो, हे नीट लक्षात घ्या, बहुतेकांचं इथेच बिघडतं. रोज पंधरा-वीस मिनिटं, आणि त्याला जमणाऱ्या गोष्टीवर थांबायचं.

मग कावा, म्हणजे लंजिंग. दोरी सात-आठ मीटरची, गोल मोठा, कारण लहान गोलात सांध्यांवर ताण येतो. दोन्ही बाजूंना सारखं फिरवा, सगळे मिळून पंधरा मिनिटं, आणि "चल", "दुडकी", "हो" (म्हणजे थांब) हे शब्द इथेच पक्के करा, वर बसल्यावर तेच कामाला येतात. दमवून शांत करायच्या नादाला लागू नका, त्याने घोडा फक्त जास्त फिट होतो.

खोगिराच्या आधी नुसतं नमदं आणि पट्टा, मग खोगीर रिकिबी काढून, मग रिकिबी लोंबत ठेवून, प्रत्येक टप्पा कंटाळा येईपर्यंत. नंतर एक जण तोंडाशी आणि हलका स्वार नुसता पोटावर आडवा, लगेच खाली. काही दिवसांनी पाय टाकून बसायचं, दोन पावलं, खाली. पहिल्या आठवड्यात यापेक्षा जास्त मागू नका.

आणि काही बिनसलं, चढू देत नाही, मान झटकतो, एकाच बाजूला वळत नाही, तर आधी दुखणं शोधा. दाढांच्या कडा धारदार झाल्यात का, पाठीवर दाबलं की खाली वाकतो का, खोगीर टोचतंय का, नाल सैल आहे का. हट्टी म्हणून ज्यांना मार बसतो त्यातले कितीतरी घोडे दुखतंय एवढंच सांगत असतात. लग्नातल्या नाचासाठी पाय जखडून आणि बिट ओढून जे शिकवतात ते मला बघवत नाही, ते करू नका.

दाणावैरण आणि तब्येत, थोडक्यात

चारा आधी, दाणा नंतर. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा, तोही तीन-चार वेळात विभागून, कारण पोटाचा कोठा लहान असतो. वाळलेलं गवत सगळ्यात उत्तम, सोबत थोडं लसूणघास, काम जास्त असेल तर ओट किंवा थोडा भिजवलेला हरभरा. मिठाचा खडा कायम, पाणी २५ ते ४० लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. कोवळी हिरवी ज्वारी घालू नका. गायी-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं पोत्यातलं तयार खाद्य तर अजिबातच नाही, त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं आणि ते घोड्याला मारून टाकतं. खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटदुखी जिवावर बेतते. पोटाकडे वळून बघणं, पायाने जमीन उकरणं, सारखं लोळणं, लीद बंद होणं, यातलं काही दिसलं तर खाणं काढून घ्या आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, सकाळची वाट बघू नका. फोनवर सांगता यावं म्हणून निरोगी आकडे तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवा, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, हे सगळं आरामात असतानाचं.

शेवटी खरेदी

सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला, माळेगावला खंडोबाच्या यात्रेत, अकलूजला, असे घोडेबाजार भरतात, पहिल्या वर्षी नुसतं बघायला जा. तिथे अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून, देवमण नावाच्या शुभ मानल्या जाणाऱ्या भोवऱ्यावरून किंमत ठरते, ती श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी, पण भोवऱ्याने घोडा लंगडत नाही. तुम्ही पाय, खूर आणि डोळे बघा, कडक जमिनीवर सरळ दुडकी चालवून बघा, आधी मालकाला बसायला सांगा आणि मग स्वतः बसा. वयासाठी तोंड उघडा. पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांला पडतात, बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला, म्हणजे पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. शिकाऊ माणसाने सात ते बारा वर्षांचा, कामाला रुळलेला, शांत घोडा घ्यावा. रंग आणि कान शेवटी. उंचीचा सोस नसेल तर भीमथडी नक्की बघा, भीमेच्या खोऱ्यातली ही आपली जात, मराठ्यांच्या घोडदळाची, धनगरांच्या वाड्यांबरोबर अजूनही ओझं वाहत फिरते, आखूड, काटक आणि कमी चाऱ्यावर निभावणारी.

सौदा करायच्या आधी ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागा, हा रोग माणसालाही होतो आणि कागद नसेल तर घोडा कितीही आवडला तरी सोडून द्या. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून लांब बांधा, बादली आणि खरारा वेगळा ठेवा, रोज सकाळी ताप मोजा. त्या दिवसांत स्वारी नको, हाताने चालवा, खूर उचला, त्याला तुमचा आवाज ओळखीचा होऊ द्या.